वेल्समधील धर्मोपदेशकांचीं तैलचित्रें : एक साधन-परीक्षण

१

एकोणिसाव्या शतकांत वेल्समध्यें जीं व्यक्तिचित्रें तैलरंगांत काढलीं गेलीं, त्यांत धर्मोपदेशकांच्या चित्रांचा भरणा मोठा आहे. आबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहांत अशीं चित्रें पुष्कळ आहेत. तीं ओळीनें पाहत गेल्यास मनावर पहिला ठसा उमटतो तो एकसारखेपणाचा. काळा डगला, पांढरी गळपट्टी, मागें काळोखी पार्श्वभूमि, जवळ एखादा ग्रंथ आणि गंभीर मुद्रा. दहा चित्रें पाहणारास अकरावें न पाहतांहि सांगतां येईल, असें कोणी म्हणाल्यास त्यास एकदम खोडून काढतां येणार नाहीं.

या चित्रांवर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप कलेच्या बाजूचा. हीं चित्रें काढणारे पुष्कळसे चित्रकार गांवोगांव हिंडून पोट भरणारे होते. त्यांना शरीररचनेचें ज्ञान बेताचें, हात काढतांना त्यांची तारांबळ उडे, आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या मापानें मोजल्यास त्यांच्या कामास खालचीच पायरी मिळेल. दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूचा. जीं चित्रें सर्व एकाच सांच्यांतलीं, तीं त्या त्या व्यक्तीविषयीं काय सांगणार? व ज्यांतून कांहीं कळत नाहीं तें साधन कसलें?

या दोन्ही आक्षेपांची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पहिला आक्षेप बराचसा खरा असूनहि गौण आहे; आणि दुसरा आक्षेप चुकीचा प्रश्न विचारल्यामुळें उद्भवला आहे. हा मनुष्य खरोखर कसा दिसत होता, एवढाच प्रश्न या चित्रांस विचारला तर उत्तर तोकडें मिळतें. हें चित्र कोणासाठीं निघालें, तें पुढें कोठें गेलें आणि त्यानें कोणतें काम केलें, असें विचारल्यास तींच चित्रें बोलूं लागतात. परंतु बोलूं लागलेल्या साक्षीदाराचीहि उलटतपासणी करावी लागते. ती अलीकडे पुरेशी होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

२

प्रथम या मनुष्यांचें समाजांतील स्थान पाहिलें पाहिजे. चर्च ऑफ इंग्लंड हें वेल्समध्येंहि कायद्यानें प्रस्थापित झालेलें होतें. परंतु लोक त्यापासून दूर जात होते. बॅप्टिस्ट आणि इंडिपेंडंट हे चर्चबाहेरचे पंथ जुनेच होते. अठराव्या शतकांतील मेथॉडिस्ट चळवळीचे अनुयायी मात्र दीर्घकाळ चर्चच्या आंतच राहिले. १८११ सालीं बाला येथील टॉमस चार्ल्स (१७५५-१८१४) यानें बिशपची दीक्षा नसलेल्या उपदेशकांस स्वतः दीक्षा दिली, आणि तेव्हांपासून कॅल्व्हिनी मेथॉडिस्ट हा निराळा पंथ झाला. १८५१ सालीं सरकारनें उपासकांची गणती केली, तींत वेल्समध्यें प्रार्थनेस जाणाऱ्या दर पांच माणसांपैकीं सुमारें चार चर्चबाहेरील पंथांकडे जात असल्याचें आढळून आलें.

हा भेद केवळ धर्ममतांचा नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभापासून १८७० पर्यंत वेल्समधील एकाहि बिशपच्या गादीवर ज्याची मातृभाषा वेल्श आहे असा वेल्श मनुष्य बसला नाहीं. १८७० सालीं जोशुआ ह्यूजेस याची सेंट असाफच्या गादीवर नेमणूक झाली, तेव्हां ही परंपरा तुटली. सामान्य जनांची भाषा वेल्श, आणि त्यांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मपीठाची भाषा इंग्रजी, अशी ही स्थिति. उलट चॅपेलमधील उपदेशक शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतून वर आलेला, आणि लोकांच्याच भाषेंत बोलणारा. वेल्सला त्या काळीं स्वतःचा दरबार नव्हता, राष्ट्रीय संग्रहालय नव्हतें, राष्ट्रीय ग्रंथालय नव्हतें. या शेवटच्या दोन संस्थांच्या सनदा १९०७ सालच्या आहेत. ज्या देशांत ज्याचें चित्र लावावें असा स्वतःचा राजा अगर सेनापति नाहीं, त्या देशांत लोकांनीं कोणाचें चित्र लावलें? धर्मोपदेशकाचें लावलें. ही निवड हाच इतिहासाचा पहिला पुरावा आहे. त्यास चित्रकाराच्या हातोटीची गरज नाहीं.

३

येथें एक अडचण उभी राहते. कॅल्व्हिनच्या मताचे हे लोक उपासनेंत मूर्ति आणि चित्र यांचे कट्टर विरोधी. त्यांचें चॅपेल म्हणजे उघड्या भिंती, बांकांच्या रांगा आणि सर्वांच्या नजरा जेथें खिळतात तें व्यासपीठ. तेथें डोळ्यांना काम थोडें, कानांना सर्व काम. उपदेशक बोलतां बोलतां भरास येई, आवाज चढून गाण्यासारख्या लयींत शिरे. या अवस्थेस वेल्श भाषेंत 'हूइल' असें म्हणतात. बाला येथील उघड्या मैदानांतील मेळाव्यांस हजारों लोक हें ऐकण्यास जमत. अशा लोकांस माणसाचें चित्र कसें चाललें?

याचें उत्तर चित्राच्या प्रवासांत सांपडतें. तैलचित्र हें पुष्कळदां शेवटचें ठिकाण नसे. तें मधलें ठिकाण असे. त्यावरून धातूच्या पत्र्यावर ठसा कोरला जाई, आणि त्या ठशाच्या प्रती शेंकड्यांनीं निघत. पंथापंथांच्या मासिकांतून उपदेशकांचीं छापील चित्रें येत. इंग्रजी धार्मिक मासिकांनीं हा प्रघात पूर्वींच पाडला होता, आणि वेल्श मासिकांनीं तो उचलला. कोणी तें चित्र चौकटींत बसवून शेतघराच्या भिंतीवर लावी. चॅपेलच्या उपासनागृहांत जें चाललें नसतें, तें घराच्या बैठकीच्या खोलींत चालून गेलें. तें पूजेचें चित्र नव्हतें. ऐकलेल्या शब्दाची ती आठवण होती.

इतिहाससंशोधकांस अस्सल कागदाचा मान मोठा, आणि नकलेविषयीं संशय. तो योग्यच आहे. परंतु या विषयांत हा नियम थोडा फिरवून वापरावा लागतो. समाजावर जो परिणाम झाला तो मुख्यतः नकलांनीं केला. अस्सल तैलचित्र एखाद्या घरीं अगर विद्यालयांत राहिलें. खाणकामगाराच्या आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें रोज होता तो छापील ठसा. म्हणून तैलचित्रांतील कित्येक गुणदोष या दृष्टीनें पुन्हां तपासावे लागतात. पार्श्वभूमि साधी आणि काळोखी कां? चेहऱ्यावरच सगळा उजेड कां? पोशाखाचे दोनच रंग, काळा आणि पांढरा, कां? हे सर्व गुण कोरीव ठशास अत्यंत सोयीचे आहेत. चित्रकारानें ठशाचा विचार करूनच हे सर्व योजिलें, असें प्रत्येक ठिकाणीं म्हणण्यास आधार नाहीं. परंतु ज्या दारिद्र्यास आपण अज्ञान समजतों, तें पुष्कळदां त्या कामाला लागणारें नेमकें माप होतें, एवढें निश्चित.

४

आतां एक चित्र घेऊं. ख्रिसमस इव्हान्स हा बॅप्टिस्ट उपदेशक १७६६ च्या नाताळच्या दिवशीं जन्मला, म्हणून त्याचें नांव असें पडलें. चांभारकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. बाप लवकर वारला, आणि मुलाचें बाळपण शेतावर चाकरी करण्यांत गेलें. तारुण्यांत झालेल्या एका मारहाणींत त्याचा एक डोळा गेला. पुढें १७९१ पासून १८२६ पर्यंत अँगल्सी बेटांत त्यानें बॅप्टिस्ट मंडळ्यांचा भार वाहिला, आणि जॉन एलायस व विल्यम विल्यम्स यांच्याबरोबर त्या काळच्या तीन श्रेष्ठ वक्त्यांत त्याची गणना झाली. बायबलांतील प्रसंग नाटकासारखा उभा करून पात्रांच्या तोंडीं संवाद घालावे, ही त्याची हातोटी. १८३२ पासून तो कार्नार्वन येथील मंडळीचा उपदेशक होता. तेथें असतांनाच, १८३५ सालीं, विल्यम रूस यानें त्याचें तैलचित्र काढलें.

रूस (१८०८-१८७८) हा अँगल्सींतील अम्लुख या बंदराच्या गांवचा. तांब्याच्या खाणींवर तें गांव वाढलें होतें. म्हणजे चित्रकार आणि चित्रविषय या दोघांनाहि एकाच बेटाची ओळख होती. रूसच्या या चित्रांत पोशाख तोच, भूमि तीच. परंतु चेहऱ्याकडे पाहावें. गेलेला डोळा चित्रकारानें लपविलेला नाहीं. चेहरा एका बाजूस वळवून तो झांकतां आला असता; पैसे देऊन चित्र काढवून घेणाऱ्या धनिकांच्या बाबतींत चित्रकार असें नेहमीं करीत आले आहेत. येथें तसें झालें नाहीं. एक डोळा मिटलेला आणि दुसरा पाहणारावर रोखलेला, असाच हा मनुष्य समोर येतो.

याचें कारण ओळखणें कठीण नाहीं. ख्रिसमस इव्हान्सला हजारों लोकांनीं प्रत्यक्ष पाहिलेलें होतें. त्याचा एक डोळा ही त्याची खूण होती. ती वगळली असती तर छापील चित्र विकत घेणारानेंच तें परत केलें असतें. येथें ग्राहक हा चित्रविषय नव्हता, त्याचा श्रोता होता. म्हणून सत्याची कसोटी श्रोत्याच्या आठवणीची. एकसारखेपणाच्या आक्षेपास हें पहिलें उत्तर : सांचा पोशाखाला होता, चेहऱ्याला नव्हता.

पोशाखाचा सांचा तरी निरर्थक आहे काय? काळा डगला व पांढरी गळपट्टी हा सुशिक्षित आणि प्रतिष्ठित गृहस्थाचा, तसाच चर्चच्या पाद्र्याचा वेष. चांभाराचा मुलगा तो वेष घालून चित्रास बसतो, तेव्हां तो एक दावा करीत असतो. बिशपनें मला दीक्षा दिली नाहीं, विद्यापीठाची पदवी मजजवळ नाहीं, तथापि माझा अधिकार तोच आहे, असें तें वस्त्र सांगतें. जॉन एलायस (१७७४-१८४१) याचेंहि चित्र रूसनें काढलें आहे. एलायस हा कॅल्व्हिनी मेथॉडिस्ट, कडक शिस्तीचा, पंथाचें १८२३ चें मतपत्रक तयार करणाऱ्यांतील प्रमुख. त्याच्या हुकमतीमुळें लोक त्यास 'अँगल्सीचा पोप' म्हणत. स्वभावानें, मतानें आणि पंथानें इतकीं भिन्न असलेलीं दोन माणसें रूसपुढें बसतात ती एकाच वेषांत. यांत चित्रकाराचें दारिद्र्य दिसतें त्याहून अधिक त्या दोन्ही पंथांस मान्य असलेली प्रतिष्ठेची एक भाषा दिसते.

५

या चित्रांची उपेक्षा दूर करण्याचें श्रेय मुख्यतः पीटर लॉर्ड यांचें आहे. ह्यू ह्यूजेस या चित्रकारावरील त्यांचा वेल्श ग्रंथ १९९५ सालीं, आणि वेल्सच्या दृश्यसंस्कृतीवरील त्यांच्या ग्रंथमालेंतील राष्ट्राच्या प्रतिमेविषयींचा खंड २००० सालीं प्रसिद्ध झाला. वेल्श लोकांजवळ काव्य आहे, संगीत आहे, परंतु चित्रकला नाहीं, हें जुनें मत लंडनचें माप लावल्यामुळें पडलें आहे, असें त्यांनीं दाखविलें. या मुख्य सिद्धान्ताशीं आम्ही सहमत आहों. परंतु एकदां उपेक्षा दूर झाली म्हणजे पुढच्या अभ्यासकांत दुसरी एक प्रवृत्ति बळावण्याचा संभव असतो. जें चित्र पूर्वीं निकृष्ट म्हणून टाकलें जाई, तें आतां राष्ट्रीय म्हणून बिनतपासणी स्वीकारलें जातें. या दोन टोकांपासून सारखेंच सावध राहिलें पाहिजे. त्यासाठीं ह्यूजेसचेंच उदाहरण घ्यावें.

ह्यू ह्यूजेस (१७९०-१८६३) हा लँडडनोजवळचा. लिव्हरपूल येथें तो खोदकाम शिकला. नंतर लंडनला तैलरंगाचें काम शिकला. वेल्समधील देखाव्यांचा त्याचा लांकडी ठशांचा संग्रह १८२३ सालीं बाहेर आला. तो कॅल्व्हिनी मेथॉडिस्ट होता. टॉमस चार्ल्स याचा भाऊ कारमार्थनचा डेव्हिड चार्ल्स याची मुलगी त्याची पत्नी. म्हणजे पंथाच्या अगदीं घरांतला मनुष्य. तथापि रोमन कॅथॉलिकांस राजकीय हक्क द्यावे कीं नाहीं हा प्रश्न १८२९ च्या कायद्याच्या आधीं पेटला, तेव्हां लंडनच्या ज्यूविन चॅपेलमधील ज्या सभासदांनीं हक्क देण्याच्या बाजूनें सह्या केल्या होत्या त्यांस बाहेर काढण्यांत आलें. या कृतीच्या पाठीशीं जॉन एलायसचें वजन होतें. ह्यूजेसनें बाहेर काढलेल्यांची बाजू उघडपणें घेतली, आणि शेवटीं तो पंथ सोडून गेला.

हें प्रकरण लक्षांत घेतलें म्हणजे 'भक्तिभावानें काढलेलीं चित्रें' हा शब्दप्रयोग सैल वाटूं लागतो. ज्यांच्या मुद्रा चित्रकारांनीं प्रेमानें रंगविल्या, त्याच वर्गाच्या हुकमतीशीं त्यांतील एकास उघड भांडावें लागलें. चित्रांत मात्र या भांडणाचा मागमूस नाहीं. काळा डगला सर्व तंटे झांकून टाकतो. म्हणून चित्रांतील शांतता हा समाजांतील शांततेचा पुरावा धरूं नये.

दुसरी चूक कालक्रमाची. १८४७ सालीं वेल्समधील शिक्षणाविषयीं सरकारी चौकशीचे अहवाल निघाले. तिघेहि चौकशी अधिकारी इंग्रज, वेल्श भाषा न जाणणारे. त्यांनीं शिक्षणाच्या हीनस्थितीबरोबरच लोकांच्या नीतीवर ठपका ठेवला, आणि वेल्श भाषा व चर्चबाहेरील पंथ यांस दोष दिला. हे अहवाल वेल्समध्यें 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' या नांवानें ओळखले जातात. ह्यूजेसनें १८४८ सालीं त्यांवर व्यंगचित्रें काढलीं; तेथें चित्रकलेनें दिलेलें उत्तर स्पष्ट आहे. परंतु यावरून उपदेशकांचीं तैलचित्रेंहि याच अपमानाचें उत्तर होतीं असें म्हणण्याचा मोह पडतो. तो आवरला पाहिजे. रूसनें ख्रिसमस इव्हान्सला रंगविलें तें अहवालांच्या बारा वर्षें आधीं. १८४७ नंतर भिंतीवरील त्याच चित्राकडे लोक नव्या अभिमानानें पाहूं लागले असतील. परंतु तो चित्राच्या पुढील आयुष्याचा इतिहास झाला, जन्माचा नव्हे.

६

तिसरी गोष्ट, हीं चित्रें काय दाखवीत नाहींत याची. ख्रिसमस इव्हान्स १८३८ च्या जुलैंत स्वान्सी येथें वारला. बाहत्तराव्या वर्षीं तो तेथें गेला होता तो कार्नार्वनच्या चॅपेलवरील कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणेकडे उपदेश करीत व वर्गणी मागत. हा प्रवास, हें कर्ज, म्हातारपणीं दारोदार फिरण्याची ही वेळ, यांतील कांहींहि तीन वर्षांपूर्वींच्या चित्रांत नाहीं, व असूंहि शकत नाहीं. तसेंच हीं बांकें ज्यांनीं भरलीं, ज्यांच्या पेनीपेनीवर हीं मंदिरें उभीं राहिलीं, त्या स्त्रिया आणि मजूर या चित्रमालिकेंत फारच थोडे आहेत. चर्चबाहेरील वेल्सचें चित्र म्हणून आपण जें पाहतों, तें वस्तुतः व्यासपीठाचें चित्र आहे, बांकांचें नव्हे.

बांकांकडे दृष्टि वळली ती तैलरंगानें नव्हे, कॅमेऱ्यानें. कार्डिगनशायरमधील जॉन टॉमस (१८३८-१९०५) हा लिव्हरपूलला नोकरी करीत असतां नामांकित लोकांचीं छोटीं छायाचित्रें विकीत असे. त्यांत वेल्श माणसें जवळजवळ नाहींत हें त्याच्या लक्षांत आलें, आणि त्यानें प्रसिद्ध वेल्श उपदेशकांपासूनच आपल्या कामास आरंभ केला. १८६७ सालीं त्यानें 'कँब्रियन गॅलरी' हा स्वतःचा धंदा काढला. पुढें वेल्सभर हिंडून त्यानें गांवचे रस्ते, कारागीर, म्हाताऱ्या बायका, अनाथालयांतले लोक यांचीं छायाचित्रें घेतलीं. त्याच्या तीन हजारांहून अधिक कांचा आज राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. उपदेशकाच्या चित्रास जी मागणी रूसच्या काळीं होती, त्याच मागणीच्या बळावर हा छायाचित्रकार उभा राहिला, आणि मग तिच्या बाहेर गेला. छायाचित्र स्वस्त झाल्यावर ठशासाठीं तैलचित्र काढण्याची निकड उरली नाहीं. तैलचित्र मुख्यतः सत्काराची भेट म्हणून शिल्लक राहिलें, आणि मोठा मान पुतळ्यांकडे गेला. बाला येथें टॉमस चार्ल्सचा संगमरवरी पुतळा १८७५ सालीं उभारण्यांत आला.

७

एवढ्या दूरच्या देशांतील हीं चित्रें आपल्याकडील अभ्यासकानें कां पाहावीं, असा प्रश्न कोणी करील. एक साधा दुवा आहे. याच कॅल्व्हिनी मेथॉडिस्ट पंथानें पाठविलेला टॉमस जोन्स (१८१०-१८४९) १८४१ सालीं चेरापुंजीस आला, आणि त्यानें खासी भाषेच्या लेखनास रोमन लिपि दिली. अँगल्सीच्या शेतघरांत टांगलेल्या चेहऱ्यांनीं जो अधिकार मिळविला, त्याचा एक धागा आसामच्या डोंगरांपर्यंत, म्हणजे आजच्या मेघालयांत, पोहोंचलेला आहे. त्या टेंकड्यांत रोमन लिपींत लिहिलेलें खासी जो वाचतो, त्याच्या अक्षरामागें हा चॅपेलचा इतिहास उभा आहे.

परंतु खरें कारण पद्धतीचें आहे. चित्र हें साधन मानतांना तीन कसोट्या लावाव्या, असें या परीक्षणावरून आम्हांस वाटतें. चित्राचा ग्राहक कोण हें प्रथम ठरवावें, कारण सत्य किती आणि सजावट किती हें त्यावर अवलंबून असतें. चित्र अस्सल रूपांत किती लोकांनीं पाहिलें आणि नकलेच्या रूपांत किती लोकांनीं, हें दुसरें. आणि चित्राच्या जन्माचा अर्थ व त्यास पुढें चिकटलेला अर्थ यांची गल्लत करूं नये, हें तिसरें. या कसोट्यांवर वेल्सचीं हीं काळींपांढरीं चित्रें बखरीसारखीं ठरतात. बखर जशी घडलेल्या गोष्टीपेक्षां ती गोष्ट लोकांनीं कशी मनांत ठेवली हें अधिक सांगते, तशीं हीं चित्रेंहि उपदेशकापेक्षां त्याच्या श्रोत्यांविषयीं अधिक सांगतात. तीं फेंकून देणारा आणि तीं जशींच्या तशीं खरीं मानणारा, हे दोघेहि सारखेच चुकतात.

राहतां राहिला ख्रिसमस इव्हान्सचा तो मिटलेला डोळा. ज्याचा आवाज आतां कोणास ऐकूं येणार नाहीं, त्या वक्त्याचें चित्र काढतांना रूसनें आवाज रंगविण्याचा आव आणला नाहीं. उंचावलेला हात नाहीं, उघडलेलें तोंड नाहीं. ज्या खुणेवरून लोक त्यास ओळखत, ती त्यानें प्रामाणिकपणें ठेवली, आणि बाकीचें ऐकणाऱ्यांच्या आठवणीवर सोडलें. ते ऐकणारे आज नाहींत. म्हणून चित्र मुकें वाटतें. तो दोष चित्राचा नव्हे; आपण उशिरां आलों, एवढाच त्याचा अर्थ.